नव्या जमिनीला पाणी

मुरगावच्या गोदीत माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी वर्कशॉपमध्ये. तिथली जमीन राखाडी रंगाची आणि चकचकीत. तेल सांडलं तर फडकं फिरवायचं, की काही झालंच नाही असं. शनिवारी बस बदलत बदलत पेडण्यातल्या चोपड्याला घरी यायचो तेव्हा आमच्या गॅरेजमधल्या काळ्या डागांच्या कोब्याकडे बघून मी मनाशी म्हणायचो, एकदा रिटायर होऊ दे, मग तुझ्याकडे बघतो.

रिटायर झाल्यावर प्रत्येकाला काही ना काही खाज सुटते. कोणी गळ घेऊन नदीवर बसतो, कोणी देवळाच्या समितीत घुसतो. मला जमिनीवर घालायच्या इपॉक्सीच्या चकचकीत लेपानं पछाडलं. दोन महिने मोबाइलवर जगभरच्या लोकांची गॅरेजं बघितली. बायको सावंतवाडीकडची, तिच्या जिभेला धार आहे. ती म्हणाली, "गाडी वीस वर्सांची जुनी, आणि जमिनीक सोन्याचो मुलामो."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कोणाकडेच दिलं नाही, हीच पुढची सगळी गोष्ट आहे.

माझे वडील गवंडी होते. पेडण्याच्या या बाजूला अजून काही घरांत त्यांच्या हातच्या लाल जमिनी आहेत. सिमेंटवर लाल रंगाची पूड पेरून ते थापीनं इतकी घोटायचे, की त्यात माणसाचा चेहरा दिसावा. लोक त्यांना मेस्त्री म्हणायचे आणि अजूनही म्हणतात. त्यांना एक सवय होती. कोणाकडेही गेले, लग्नाला असो नाहीतर दुखवट्याला, दारात चपला काढल्या की आधी तळव्यानं जमीन चाचपून बघायचे. डोळ्यांना फसवता येतं, तळव्याला नाही, असं त्यांचं मत. घरात तर ते कधी चप्पल घालतच नसत. आम्ही सगळ्यांनी सपाता घेतल्या तरी ते अनवाणी.

आणि त्यांचा एक शिरस्ता होता. जमीन घोटून झाली की आठ दिवस तिला पाणी मारायचं, गोणपाट घालून ओली ठेवायची. नवव्या दिवशी घरधन्यानं त्यांच्या हातात नारळ द्यायचा आणि त्यांनी त्या जमिनीवर पहिला पाय ठेवायचा. आधी मेस्त्री, मग घरचे. हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नव्हतं, त्यांनीच कधीतरी सुरू केलं होतं. पण लोक पाळायचे. मी लहानपणी असे किती नारळ खाल्ले असतील याचा हिशेब नाही.

आमच्या गॅरेजचा कोबा ही त्यांनी केलेली शेवटची जमीन. वीस वर्षांपूर्वी मी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी काम सोडून बराच काळ लोटला होता. तरी मजूर न लावता एकट्यानं दोन दिवसांत जमीन केली. मी मुरगावला होतो. मग एका शनिवारी नवी गाडी घेऊन आलो ती थेट आत घातली. आमच्या घरच्या जमिनीवर पहिला पाय पडला तो गाडीच्या चाकांचा. नारळाची आठवण मला झाली नाही. त्यांनीही करून दिली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात काठी आली. आता वय शहाऐंशी. दिवसभर बलकांवात, दारापुढच्या बाकांच्या ओसरीत बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतात. आम्ही त्यांचं सगळं वेळेवर करतो. जेवण, गोळ्या, तेल लावणं. पण त्यांना कोणी काही विचारत नाही. भिंतीला ओल का आली, पायरी किती उंच करावी, असले प्रश्न घेऊन पूर्वी माणसं दारात यायची. ती थांबली आणि घरचे आम्ही त्यांना विचारावं असं काही आम्हाला सुचलं नाही. त्यांना खरं दुखत होतं ते इथे, खुब्यात नव्हे. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त इपॉक्सी दिसत होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि म्हापशाच्या दुकानातून मी सामान आणलं. दोन डबे, एक रेझिनचा आणि एक हार्डनरचा, प्रायमर, रोलर, चिकटपट्टी. पहिलं काम म्हणजे जुनी जमीन घासून खरखरीत करायची, म्हणजे लेप धरतो. भाड्यानं घासायचं मशीन आणलं आणि सुरू केलं. आवाज असा की पलीकडच्या वाड्यावर ऐकू जावा. वीस वर्षं गाडीखाली राहूनही त्या कोब्याचा गुळगुळीतपणा गेला नव्हता. मशीन फिरत होतं आणि तो पांढऱ्या धुळीत उडत होता.

वडील काठी टेकत गॅरेजच्या दारात आले. थोडा वेळ बघत राहिले.

"सगळी घांसतंस?"

"सगळी घांसूंक जाय. ना तर धरना."

ते आत आले. चप्पल नव्हतीच. भिंतीला धरून नदीच्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे तळवा टेकला, उचलला, पुन्हा टेकला.

"ही जमीन अजून ओली आसा. संक्रांत जावंदी रे पुता, मगे घाल."

मी धुळीनं माखलेला, कान बधिर झालेले, अंगात मोबाइलवरचं सगळं ज्ञान. जमीन डोळ्यांना कोरडी ठणठणीत दिसत होती. मी म्हटलं, "बाबा, ही तुमची लाल जमीन न्ही. ह्यांत वेगळें केमिकल आसा." ते बलकांवात जाऊन बसले.

तीन दिवसांनी संध्याकाळी मी लेप घातला. खरं सांगतो, ते काम करताना मला फार आनंद झाला. दोन डबे एकत्र केले की घड्याळ सुरू होतं, अर्ध्या तासात संपवायला हवं. मागच्या भिंतीपासून सुरू करून रोलर फिरवत दाराकडे मागे मागे येत गेलो. शेवटचा हात फिरवून उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि वळून बघितलं तर तळ्यासारखी राखाडी जमीन, वरच्या दिव्याचं प्रतिबिंब तिच्यात. मी बायकोला हाक मारली. तीही गप्प झाली, म्हणजे बघा.

उद्या संध्याकाळपर्यंत जपायचं म्हणून वडिलांना मी एवढंच सांगितलं, "फाल्यां सांजमेरेन हांगा कोणी पाय ठेवचो ना, हात लावचो ना."

"बरें," ते म्हणाले.

सकाळी पाववाल्या पोदेराच्या भोंप्यानं जाग आली. पाव घ्यायला उठलो तर गॅरेजच्या बाजूनं पाण्याचा आवाज. धावत गेलो. उंबऱ्याबाहेर वडील उभे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बागेचा पाइप. पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून ते बारीक फवारा जमिनीवर सोडत होते. अगदी हलक्या हातानं. अर्ध्या गॅरेजपर्यंत पाणी पोचलं होतं. सांगितल्याप्रमाणे त्यांनी आत पाय ठेवला नव्हता, हात लावला नव्हता.

जिथे पाणी पडलं होतं तिथे राखाडी रंगावर दुधाची साय धरावी तसं पांढरं आलं होतं.

मी पाइप हिसकावून घेतला. "तुमचें डोकें फिरलां काय? कोणें सांगिल्लें पाणी मारूंक? तुमचो काळ गेलो, बाबा. ह्यांतलें तुमकां कांयेक कळना!"

सायकलवरचा पोदेर फाटकाशी थबकला होता. बायको दारात आली होती. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आधी गोंधळ होता, मग तो गेला.

"नवी जमीन, तिका पाणी मारूंक तूं विसरलो आसतलो म्हण मारलें," ते म्हणाले. आणि मग हळूच, "होय. म्हाका खंय कळता."

चाळीस वर्षं जमिनी केलेला माणूस हे वाक्य बोलला आणि मी ते ऐकून घेतलं.

तो पांढरेपणा गेला, हे इथेच सांगून टाकतो. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, वरच्यावर आलेला थर आहे, कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा. दुपारपर्यंत सगळं पूर्ववत झालं. तासाभराच्या कामासाठी मी चारचौघांत वडिलांना वेड्यात काढलं होतं. त्याच दुपारी जाऊन चुकलो म्हणायला हवं होतं. गेलो नाही. उद्या बोलू म्हटलं, मग परवा. आपल्याकडे बाप-लेकांत माफी मागायची सवयच नसते, हे कारणही मी स्वतःला पुरवलं.

दुसऱ्या दिवशी वडील जेवायला आले ते चप्पल घालून. बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मामा, चप्पल?" ते म्हणाले, "पांय थंड पडतात गो बाय." त्या दिवसापासून ते घरात चप्पल घालून वावरायला लागले. चटक् चटक् असा आवाज सगळ्या घरात. मी तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता.

गॅरेजच्या मागे विहिरीजवळ एक दगडी बाक आहे. दुपारी चारला ते तिथे जाऊन बसतात. गॅरेजमधून मागच्या दारानं गेलं की वीस पावलं. लेप सुकला, मी गाडीही आत घातली, तरी ते घराला वळसा घालून, उन्हातून, काठी टेकत जात राहिले. मी एकदा म्हटलं, "बाबा, आंतल्यान वचा, सुकली ती." ते म्हणाले, "नाका. कांय तरी जायत परत."

मला त्यांचा रागही यायचा. एवढं काय, असं वाटायचं. आणि रोज चारच्या सुमाराला मी खिडकीशी उभा राहून ते कोपरा वळेपर्यंत बघायचो.

दहा-बारा दिवसांनी गाडी बाहेर काढली तेव्हा नदीकडच्या कोपऱ्यात जमिनीवर फोड दिसले. अळवाच्या पानावर पाण्याचे थेंब राहतात तेवढे, पण पंधरा-वीस. एकाला स्क्रू ड्रायव्हर टोचला. टप् करून पाणी आलं. बोटानं ओढलं तर लेपाचं तळहाताएवढं सालपट हातात.

त्या कोपऱ्यात वडिलांचा पाइप पोचलाच नव्हता. तिथे त्यांनी फक्त तळवा टेकला होता आणि म्हणाले होते, अजून ओली आसा.

बायको मागे येऊन उभी राहिली. सालपटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आता कोणार आरडतल्यात?" एवढंच विचारून ती आत गेली.

मी ते सालपट घेऊन बलकांवात गेलो. वडील रस्त्याकडे बघत बसले होते. मी त्यांच्या पायांशी पायरीवर बसलो. म्हटलं, "बाबा, चुकलें म्हजें. त्या दिसा बोललों तें बोलूंक फावो नाशिल्लें. जमीन ओलीच आशिल्ली." माझा आवाज फुटला. साठीच्या माणसानं रडायचं नसतं वगैरे मला माहीत आहे.

त्यांनी सालपट माझ्या हातातून घेतलं. उलटं करून पाठ बघितली. पाठीला माझ्या मशीननं उडवलेली पांढरी धूळ चिकटली होती, ओली. अंगठ्यानं ती चोळली.

"माडाक पाणी कोण घालता?" त्यांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. गॅरेजच्या नदीकडच्या भिंतीला लागून एक माड आहे. रिटायर झाल्यावर जे उत्साहाचं भरतं आलं त्यात मी त्या माडाला भिंतीपर्यंत मोठं आळं केलं होतं आणि रोज संध्याकाळी त्यात पाइप सोडून ठेवत होतो. कधी अर्धा तास, कधी विसरलो तर तासभर. ते सगळं पाणी भिंतीखालून जमिनीत जात होतं. वडिलांनी एका सकाळी वरून चार फवारे मारले त्याचा मी तमाशा केला होता. खालून पावसाळा सरल्यापासून रोज पाणी मारत होतो मी.

"म्हाका सांगूंक जाय आशिल्लें," मी म्हटलं.

"तुवें विचारलेंच ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं.

मग मी विचारलं. "आतां कितें करूं?"

ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मी खरंच विचारतोय की समजूत काढतोय, हे पारखत असावेत. मग काठी उचलून म्हणाले, "आळें भिंतीसून पयस कर. खरवडून काड तें सगळें. आनी तीन ताटां हाड."

स्टीलची तीन ताटं. रात्री झोपण्याआधी ती जमिनीवर पालथी घालायची, कडा बंद करायच्या आणि सकाळी उघडून बघायचं. जमीन ओली असेल तर ताटाला आतून घाम येतो. पूर्वी ते कडांना मेण लावायचे. मी उरलेली चिकटपट्टी लावली. त्यांनी नाक मुरडलं, पण चालवून घेतलं.

आळं मी त्याच दिवशी हलवलं आणि भिंतीलगत पाणी वाहून जायला चर खणला. मग रोज सकाळचा एक कार्यक्रम सुरू झाला. चहात पाव बुडवून खाऊन झाला की वडील गॅरेजच्या दारात येत. उंबऱ्याच्या बाहेर, चपला पायात. मी आत जाऊन एकेक ताट सुटं करायचो आणि त्यांच्याकडे नेऊन द्यायचो. ते आतून बोट फिरवायचे, बोट बघायचे आणि म्हणायचे, "ना." पंधरा दिवस "ना." कोपऱ्यातलं ताट तर थेंब थेंब गळायचं. बायको वैतागली. पाहुणे आले की तिला ताटं कमी पडायची. पण सकाळी तीही हात पुसत येऊन उभी राहायची निकाल ऐकायला.

शेजारच्या एका गृहस्थांनी हा प्रकार बघितला आणि आपल्या स्वयंपाकघरातली फरशी का फुगते ते विचारायला बलकांवात आले. वडील त्यांच्याशी पाऊण तास बोलले. मी आतून ऐकत होतो. आवाज जुना होता, कामावरचा.

पण गॅरेजमध्ये त्यांनी पाय ठेवला नाही. मी आता बोलावत नव्हतो. बोलावून येण्यातली ती गोष्ट नव्हती.

संक्रांत गेली. तिळगूळ संपला. एका सकाळी कोपऱ्यातलं ताट मी उचललं ते मलाच हलकं वाटलं. वडिलांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पालथा हात ताटात टेकवून थांबले.

"आतां घाल," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांची खुर्ची मी दारात मांडली. "हात सैल सोड. दाबतंस कित्याक? तो कोनसो रावलो." मोबाइलवर जगभरच्या लोकांनी शिकवलं नव्हतं ते मी त्या अर्ध्या तासात शिकलो. संध्याकाळी काम संपवून बाहेर आलो तेव्हा ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पाणी मारूंक नाका मरे?" मी बघतच राहिलो. मग ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले, दात नसलेलं मोठं हसू. मीही हसलो आणि आम्हाला थांबवेना.

आठ दिवस मी गाडी बाहेर रस्त्यावर ठेवली. कोणाला आत जाऊ दिलं नाही, स्वतः गेलो नाही. नवव्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्याच माडाचा एक नारळ सोलला, शेंडी ठेवली आणि वडिलांना गॅरेजच्या दारात घेऊन आलो. नारळ त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो हातात तोलला. "जमीन तुवें केल्या. नारळ म्हाका कित्याक? तूं पांय लाय."

"वयली म्हजी," मी लेपाकडे बोट करून म्हटलं. "सकयली तुमची. तिचो नारळ दिवपाचो रावला. वीस वर्सां जालीं."

त्यांनी नारळ डाव्या कुशीत धरला. काठी माझ्याकडे दिली. भिंतीला हात टेकून एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि माझा दंड पकडून आत पाय ठेवला.

तळवा टेकला, उचलला, पुन्हा टेकला. एक पाऊल, दुसरं. आम्ही हळूहळू मागच्या दारापर्यंत गेलो. नदीकडच्या कोपऱ्यात ते जास्त वेळ थांबले. मान हलवली. मध्यावर मात्र पाऊल अडखळलं. त्यांनी टाच तिथे दोनदा फिरवली.

"हांगा वायच जाड जाल्या. रोलर थांबलो तुजो."

"होय," मी म्हटलं. थांबलाच होता. त्यांच्याकडे वळून बघायला मी थांबलो होतो तिथे.

"फुडल्या खेपेक थांबूं नाका," ते म्हणाले आणि काठी परत घेऊन मागच्या दारातून बाहेर पडून नारळासकट बाकावर जाऊन बसले.

बायको त्यांच्या चपला उचलून न्यायला आली. मी तिला म्हटलं, राहू दे. थोड्या वेळानं ते गॅरेजमधूनच परतले आणि चपलांना वळसा घालून अनवाणी घरात गेले.